वरण अळणी

तिसरं ताट अर्धवट परत आलं. ट्रकवाल्याने हात धुतले आणि जाता जाता भट्टीकडे पाहून म्हटलं, "मावशी, आजबी वरण अळणीच."

मनकर्णाबाईंनी मान हलवली आणि पुढची भाकर तव्यावर टाकली.

पूर्णेच्या पुलाजवळच्या त्या गावात जेवायचं म्हटलं तर ही एकच जागा. टिनाचं छप्पर, चार बाकडी, एक भट्टी. नदीवर आलेला माणूस जेवायचा इथेच आणि चहाही इथेच प्यायचा. भट्टीपुढे चाळीस वर्षं मनकर्णाबाई. गल्ल्यावर आधी त्यांचे मालक, आता मुलगा शेखर.

दिवाळीपासून चव बिघडली होती. शेखरने कारणही शोधलं होतं. "बीपीच्या गोळ्या चालू झाल्या अन् डॉक्टरनं आईचं मीठ तोडलं. जिभीलेच सवय राह्यली नाही, तं हाताले अंदाज कुठून येईन?" त्याने बाकड्यांवर मिठाच्या वाट्या ठेवून पाहिल्या. वरून घेतलेलं मीठ वरच राहतं. गिऱ्हाईक थेट तेल्हाऱ्याला जाऊन जेवू लागलं.

मग त्याने दुसरा उपाय काढला. एक तारखेपासून त्याच्या बायकोने, रागिणीने, नोकरी सोडायची आणि भट्टी सांभाळायची. रागिणी तेल्हाऱ्याला रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. सहा वर्षं रोज सकाळची एसटी, संध्याकाळी उभ्याने परत. थकून जायची, पण ते थकणं तिचं स्वतःचं होतं. आज तेवीस तारीख, रविवार.

सासूबाई या सगळ्यावर एकच वाक्य बोलत. "मी तं रोजच्याइतकंच टाकतो बाप्पा." बाकीच्यांना तो हट्ट वाटायचा. रागिणीला ते निरीक्षण वाटलं.

दिवाळीत दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. सासूबाईंच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, आणि खारपाणपट्ट्यातल्या या गावात धरणाचं गोड पाणी नळाने आलं होतं. सगळ्यांनी पहिली गोष्ट धरली. दुसरीसाठी तर फटाके वाजले होते.

शुक्रवारी तिने जुन्या बोअरचं एक लिटर पाणी स्टीलच्या पातेल्यात आटवलं. शेखर पाहत होता.

"चहा नाही, भाजी नाही, नुसतं पाणी आटवून राह्यली. हेच शिकवते का लॅबमंदी?"

"आईंचं काय बिघडलं ते पाहते."

"पाह्य. काय निघते ते मले सांगजो."

तळाशी पांढरा थर राहिला. शनिवारी तिने तो लॅबच्या काट्यावर तोलला. अडीच ग्रॅम. नळाचं तेवढंच पाणीही तिने आटवलं होतं; त्याचा थर खरवडण्याइतकाही नव्हता. वरणाच्या गंजात दहा लिटर पाणी जातं. म्हणजे पंचवीस ग्रॅम. ते सगळंच खायचं मीठ नव्हतं, पण बरंचसं होतं. चाळीस वर्षं अर्धी मूठ मीठ विहीर आणि बोअरच टाकत आली होती. मनकर्णाबाईंचा हात उरलेलं टाकायचा, आणि अजूनही तेवढंच टाकत होता.

आज दुपारी बाकडी रिकामी झाली. शेखर भाजी आणायला गेला होता. रागिणी सासूजवळ पाटावर बसली आणि तिने सगळं सांगितलं, आकड्यांसकट. शेवटी म्हणाली, "आई, तुमची चव कुठं गेली नाही. पाणी बदललं. अर्धी मूठ मीठ वाढवा, बस. मलाही नोकरी सोडायला नको."

मनकर्णाबाई निखारे ओढत होत्या. "मले माहीत हाय."

"काय?"

"नळाचा पयला घोट घेतला तवाच समजलं. त्या पाण्यात काहीच नाही."

रागिणी पाटावरून पुढे सरकली. "मग सांगितलं काहून नाही?"

मनकर्णाबाईंनी चिमटा खाली ठेवला. उजवा हात वर उचलायचा प्रयत्न केला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

"दोन वर्षं झाले. खांदा दुखते म्हणलं तं पोरगा मलम आणून देते. चव गेली म्हणलं तं म्हणते, आई, तू आता बस." त्यांनी हात हळूच मांडीवर ठेवला. "चाळीस वर्षांत 'बस' म्हणणारं कोणी भेटलं नव्हतं, माय. तुयी नोकरी जाईन हे मले उशिरा समजलं. सांग त्याले. उद्यापासून टाकतो मीठ."

बाहेर गाडी थांबली. शेखर पोतं उतरवून आत आला.

"काय निघालं मॅडमच्या तपासणीत?"

रागिणी उभी राहिली. सहा वर्षांत तिने एकही आकडा चुकीचा लिहिला नव्हता.

"तुमचंच बरोबर होतं," ती म्हणाली. "आईंची चव गेली. आता परत यायची नाही."

"मी म्हणलंच होतं. मंग एक तारखेपासून तू—"

"मी लॅबमध्येच जाणार. मीठ किती लागतं ते मोजून देते. सैपाक तुम्ही करा."

शेखर हसला. तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला आणि आईकडे वळला.

मनकर्णाबाईंनी पदराला हात पुसले. सावकाश बाहेर गेल्या आणि गिऱ्हाईकांच्या बाकड्यावर टेकल्या. त्यांना तिथे बसलेलं रागिणीने कधी पाहिलं नव्हतं.

"एक चहा टाक रे, शेखर."

तो भट्टीकडे गेला. बराच वेळ डबे वाजत राहिले. मग त्याचा आवाज आला. "आई, दोन्हीत पांढरंच दिसते. साखर कोणती?"

मनकर्णाबाईंनी पाय वर घेतले, पाठ टिनाच्या भिंतीला टेकवली आणि डोळे मिटले.

"चाखून पाह्य."