एका बोटाचं बटण

दादाचं एकच बोट हलायचं. त्याला खेळता यावं म्हणून त्याच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी मी साबणाच्या डबीत एकच मोठं बटण बसवत होते. डबी पुरी व्हायच्या आतच तो गेला.

महिन्याभराने एका दुपारी ती पुन्हा हातात घेतली. खेळ सुरू केला, तर पडद्यावरचा बेडूक आपोआप उड्या मारू लागला. दर वेळी जरा उशिरा, आणि थेट खड्ड्यात.

"वायर सैल असेल," मी म्हणाले.

"अगं, अजून जोडलीच कुठे आहेस?" आई म्हणाली. मग हळूच, "झेपत नाहीये त्याला. सावकाश कर ना जरा."

मी खेळाचा वेग कमी केला. बेडूक पलीकडे पोहोचला.

डबीतलं बटण आत दबलेलंच राहिलं होतं. सोडवायला मी बोट लावलं. तिथे आधीच एक बोट होतं, दमून थरथरणारं.