एकेचाळीस आकडी केक

"अरे, शेवटी आठ? मग दोनाने भाग जाणारच की!" गणिताचा एक प्राध्यापक दुसऱ्याच्या कानात कुजबुजला, तसं एल्डनने दोघांना डोळ्यांनीच दटावलं.

एक आणि ती स्वतः सोडली तर या एकेचाळीस आकडी संख्येला कशानेच भाग जात नाही, हे सिद्ध करण्यात त्याची नऊ वर्षं गेली होती. त्याच्या निवृत्तीच्या केकवर मार्लिसने पहाटे उठून तीच साखरेने लिहिली होती. आज बायकोचं मन कोण मोडणार? शिवाय ही मिनेसोटाची माणसं, कुणाची चूक तोंडावर दाखवतील तर शपथ. सगळे केकच्या चवीचंच कौतुक करत राहिले.

मार्लिसने सुरी खाली ठेवली.



"आता बोला की कुणीतरी, दोनाने भाग जातोय म्हणून! शेवटचा सात मावेना, तो मी चाटून टाकला."