चाळीस वर्षं टिकणारं लाकूड

मैलापूरच्या लग्नमंडपात नादस्वरम ऐन रंगात आलं असताना गुरुमूर्तींनी ऋजुताला खूण केली आणि मागच्या स्वयंपाकघरात नेलं. आज त्यांच्या मुलीचं, हरिणीचं लग्न. तरी बगलेत ऑफिसची फाइल होतीच. माणूस पक्का.

"सही कर. अहवाल आज गेलाच पाहिजे."

"सर, लग्नात?"

"ऑफिसात तू आठ दिवस टाळत्येस. इथं तरी लाज धर."

ऋजुता पुण्याहून आलेली, त्यांच्याच हाताखालची तपासनीस. काम असं, की कंपन्या झाडं लावतात, झाडं हवेतला कार्बन धरून ठेवतात, आणि किती धरला याचा दाखला या ऑफिसातून जातो. या अहवालातली झाडं सुरूची, पाचव्या वर्षीच कापलेली. पण लाकूड इमारतींत लागलंय, तिथं ते चाळीस वर्षं राहील, म्हणजे कार्बनही राहील, असं अहवालात छातीठोक लिहिलं होतं. मनगटाएवढा खांब आणि चाळीस वर्षं! वाचताना दर वेळी तिला तिडीक यायची.

आणि लागवड कुणाची? विजयेंद्र यांची. बाहेर बोहल्यावर बसलेल्या नवरदेवाच्या वडिलांची.

"लाकूड नेमकं कुठं गेलं ते कळल्याशिवाय मी सही करणार नाही."

"मग सोमवारपासून येऊ नको. तुझ्यासारख्या दहा मिळतील." गुरुमूर्तींचा आवाज चिरका झाला. "माझी लेक त्यांच्या घरी जात्ये. तिला तिथं जन्म काढायचा आहे. तुला काय, तू उद्या पुण्याला पळशील!"

ते ऐकून ऋजुताला क्षणभर त्यांची कीव आली. नोकरीही डोळ्यांपुढे आली. तिने फाइल घेतली, पेन काढलं आणि फाइल टेकवायला ती जागा शोधू लागली.

समोर चुलाण पेटलं होतं. वर पायसमचा हंडा, आणि स्वयंपाकीण सीतालक्ष्मी एकेक खांब आत सारत होती. एका खांबाच्या बाहेरच्या टोकाला निळा पट्टा होता. त्यावर पांढरा आकडा. २२१७.

विजयेंद्रांच्या लागवडीत प्रत्येक झाडाच्या बुंध्याला असा पट्टा मारून त्यावर झाडाचा क्रमांक घालायची शिस्त होती. त्या शिस्तीचं कौतुक अहवालात खुद्द गुरुमूर्तींनी लिहिलं होतं.

ऋजुताने फाइल उघडून झाडांच्या यादीवरून बोट खाली नेलं. २२१७. गेल्या वर्षी कापलं. इमारतीत वापरलं. चाळीस वर्षं.

"सर, हे वाचा. आणि मग ते वाचा."

गुरुमूर्तींनी यादी पाहिली, खांब पाहिला. मग कमरेची वेष्टी सावरून त्यांनी तो खांब पायाने आत ढकलला. रंग चरचरला, आकडा काळा पडला.

"आता दाखव कुठं आहे तुझा पुरावा!"

सीतालक्ष्मीला वाटलं, यजमान हौसेने हात लावताहेत. तिने पदराने घाम पुसला.

"जाळा अण्णा, जाळा. सरायचीं नाहींत. निळ्या पट्ट्याचीं लाकडं मागं लॉरीभर पडलीं आहेत. तुमच्या व्याह्यांनींच पाठवलीं, लग्नाला म्हणून."