चिकटपट्टीवरची काठी

शिसं टायरच्या अलीकडेच पडलं.

"मनगट सैल सोड," काठीवाला मागून म्हणाला. "लाटणं धरल्यासारखी काठी धरू नकोस."

"मी काय रोज काठ्या फेकते?" बायको म्हणाली आणि दोरा गुंडाळू लागली.

घरामागच्या मोकळ्या जागेत मासे धरायची नवी काठी तपासायचं काम चाललं होतं. काठी अजून कोरीच होती. दोरा ज्यांतून धावतो त्या कड्या नुसत्या चिकटपट्टीने लावलेल्या, खाली रीळही चिकटपट्टीनेच बांधलेलं, गळाच्या जागी शिशाचा गोळा, आणि नेम धरायला समोर टाकलेला जुना टायर. काठीवाल्याचा नियमच होता, ज्याची काठी त्याने ती आधी अशी फेकून बघायची. कडी कुठे बसवायची ते काठी वाकल्यावर कळतं, आणि काठी कशी वाकेल ते ज्याच्या त्याच्या हातावर असतं. एकदा कड्या पक्क्या बांधून वर वॉर्निश चढवलं की मग काही सरकत नाही.

या वेळी मात्र गिऱ्हाईक येतच नव्हतं. काठी मेहुण्याने सांगितली होती, त्याच्या ऑफिसातल्या कुण्या बाईंसाठी. बाईंना म्हणे सवड नव्हती. "उंचीने, हाताने अगदी ताईसारख्या आहेत. ताईलाच उभी करा की," मेहुणा म्हणाला होता. काठीवाल्याने थोडी कुरकुर केली आणि मानलं.

ऑफिसात अशी कुणी बाई नव्हती. काठी ताईलाच हवी होती.

लग्न झाल्यापासून नवरा दर रविवारी पहाटे एकटा पाण्यावर जायचा. नव्या नवलाईत तिने एकदा विचारलं होतं, मीही येऊ का? तो हसला होता. "तिथे गप्प बसावं लागतं. तुला जमायचं नाही." वाईट मनाने नव्हता बोलला, पण ते हसणं तिला लागलं. तिने पुन्हा विषय काढला नाही. मुलं लहान होती, घर होतं, वर्षं निघून गेली. आता मुलं आपापल्या संसाराला लागली आणि रविवारची सकाळ तिला खायला उठू लागली. मग तिने ठरवलं, नवऱ्याच्याच हातची काठी घेऊन एका रविवारी दारात उभं राहायचं. काठी हातात असली की त्याला नाही म्हणता येणार नाही. पण आधीच कळलं तर तो पुन्हा हसेल. आणि पुन्हा हसला तर या जन्मी आपण परत विचारणार नाही, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. भावाला तिने बजावून ठेवलं होतं, चकार शब्द काढायचा नाही.

म्हणून रोज संध्याकाळी ती नसती ब्याद गळ्यात पडल्यासारखं तोंड करून यायची आणि मनातून खूश असायची.

नवरा मात्र काही केल्या समाधानी होईना. "तिसरी कडी जरा खाली घेऊ," म्हणायचा. चिकटपट्टी सोडून कडी बोटभर खाली घ्यायचा. दुसऱ्या दिवशी तीच कडी बोटभर वर. मग काठीच्या टोकाला वजन टांगायचा, काठी वाकवून धरायचा आणि तिला विचारायचा, "बघ, दोरा काठीला घासतोय का?" दोरा कुठेच घासत नसे. तरी हा मान हलवायचा. "अंहं, अजून बसली नाही." इतका कीस काढणारा माणूस तिने पाहिला नव्हता. गिऱ्हाईकं याच्याकडे टिकतात तरी कशी, असं तिला वाटायचं.

मधल्या वेळात तो बोलत राहायचा. हातातून निसटलेले मासे, चिखलात रुतलेला बूट, धुक्यात दुसऱ्याच्याच डब्यावर मारलेला ताव. वर्षभरात जेवढा बोलत नसे तेवढा तो या संध्याकाळी बोलला. गप्प बसावं लागतं म्हणणारा हाच का तो, असं तिच्या अगदी ओठावर यायचं. पण बोलली असती तर सोंग उघडं पडलं असतं.

आज तिने मनगट सैल सोडलं. काठी मागे वाकली, सपकन सरळ झाली, दोरा सरसर धावला आणि शिसं टायरच्या मधोमध पडलं. तिला आनंदाने नाचावंसं वाटलं. ती ओठ दाबून उभी राहिली.

"झालं," काठीवाला म्हणाला. त्याने काठी घेतली आणि कड्यांवरून अंगठा फिरवला. "उद्या पक्की बांधायला घेतो. मुठीवर नाव घालायचंय. काय नाव त्या बाईंचं?"

नावाचा विचार ना भावाने केला होता, ना तिने. एखादं ठोकून द्यावं, असं क्षणभर मनात आलं. पण मग काठीवर जन्मभर दुसरीचं नाव राहिलं असतं.

"माझंच घाला," ती म्हणाली आणि त्याच्या हसण्याची वाट बघत मान खाली घातली.

तो हसला नाही.

"तेच घालणार होतो. रविवारपर्यंत वॉर्निश वाळेल. पहाटे उठशील ना?"

तिने झटकन मान वर केली. "तुम्हाला कधी कळलं?"

"तुझा भाऊ आला तेव्हाच. खोटं बोलायला लागला की तो कान खाजवतो."

"आणि मग इतके दिवस त्या कड्या वर-खाली कशाला करत होतात?"

काठीवाला निघालेली चिकटपट्टी नखाने पुन्हा नीट बसवत राहिला.

"काठी पहिल्याच संध्याकाळी बरोबर बसली होती," तो म्हणाला. "पण तसं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तू इथे कशाला आली असतीस?"