टेबलावरचं पांढरं कडं

सासूबाईंनी गरम चहाचा कप आजही तसाच टेबलावर टेकवला आणि पॉलिशवर पांढरं कडं उमटलं. वर त्यांच्याच उलट्या बोंबा: "कोणाचे हे उद्योग? माहेरी काही शिकवलंय की नाही?" विसरण्याच्या आजाराशी वाद काय घालणार? "चुकलं माझं," म्हणत सुनेनं सुती फडक्याची घडी डागावर ठेवली आणि वरून कोमट इस्त्री फिरवू लागली. रोज मरे त्याला कोण रडे. तरी आज थकून तिचे डोळे भरून आले. सासूबाईंनी ते पाहिलं. तिच्या हातातली इस्त्री अलगद काढून घेत त्या कुजबुजल्या, "जाऊबाई, रडू नका. सासूबाई बाजारातून यायच्या आत डाग घालवते. विचारलंच त्यांनी, तर माझं नाव सांगा." सराईत हातानं त्या डाग शेकू लागल्या. आजेसासूबाईंना जाऊन जमाना लोटला होता. तरी सून दाराशी पहाऱ्याला उभी राहिली.