छोटं काम

भावाने डिस्क प्लेअरमध्ये सरकवली आणि मागे येऊन सतरंजीवर मांडी ठोकून बसला.

"दाजी, असले सिनेमे आता बनत नाहीत. घोडे, बंदुका, सगळं आहे. पण खरी गंमत म्हणजे माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते दाखवलंय. तुम्हाला तर पटेलच बघा."

दाजी, म्हणजे त्याच्या बहिणीचा नवरा, खुर्चीत हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. सराफाच्या दुकानावर तो पहारेकरी होता. मागच्या आठवड्यात भर दुपारी एक माणूस सुरा घेऊन आत घुसायला लागला, तेव्हा त्याने त्याला दारातच गोळी घातली होती. माणूस मेला. पोलिसांनी जबाब घेऊन पाठ थोपटली, पेपरात फोटो आला, मालकाने पगारी रजा दिली. तेव्हापासून तो घरी होता. वाढलं की जेवायचा, आडवं व्हा म्हटलं की आडवा व्हायचा. बायकोने आधी खोदून खोदून विचारलं, मग नाद सोडला. आता तिलाही कशाचं काही वाटेनासं झालं होतं. भाऊ येतो म्हणाला तेव्हा तिच्या मनात एवढंच आलं, की चला, घरात कोणीतरी बोलेल.

सिनेमा भलताच संथ निघाला. उजाड गाव, लाकडी घरं, नुसता वारा. घोडे चोरणारा एक जण गावात येणार होता आणि त्याला अडवायचं काम पिकल्या मिशांच्या शेरीफवर आलं होतं. शेरीफ खिडकीत बसायचा, उठायचा, परत बसायचा. घरवालीशी बोलताना मध्येच थांबायचा.

"किती विचार करतो हा," बायको चहा ओतता ओतता म्हणाली. "घालणार कधी गोळी?"

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. पण नवऱ्याने कप घेतला आणि बशी गुडघ्यावर ठेवली. चेहऱ्यावर काही नाही.

शेवटी एकदाचा तो प्रसंग आला. रिकामा रस्ता, दोन टोकांना दोन माणसं. एकच बार. घोडेचोर तोंडावर पडला, थोडी धूळ उडाली. शेरीफने बंदूक कमरेला लावली आणि पाठ फिरवली. लोक दारादारांतून बाहेर आले, त्याच्याभोवती जमले.

"मागे घे," नवरा म्हणाला.

दिवसभरातले त्याचे हे पहिले शब्द. भावाची कळी खुलली. त्याने चित्र मागे नेलं. घोडेचोर उठून उभा राहिला आणि पुन्हा पडला.

"काय नेम आहे ना, दाजी?"

"परत घे."

भावाने परत घेतलं. बायकोच्या हातातला कप तसाच राहिला. नवरा पुढे झुकून बघत होता, पण शेरीफकडे नाही.

"याला उचलतं कोण?" त्याने विचारलं.

"कोणाला?"

"हा पडलाय त्याला."

"तो गेला की. त्याचं संपलं. आता पुढे सगळं शेरीफचंच आहे."

पुढे सगळं शेरीफचंच होतं. सिनेमात सकाळ झाली तेव्हा तोच रस्ता पुन्हा दिसला. त्यावरून एक गाडा गेला. मध्ये कोणी पडलेलं नव्हतं.

"आमचा लगेच गेला नाही," नवरा म्हणाला. आवाज अगदी साधा, दूध नासलंय असं सांगावं तसा. "गाडी यायला वेळ लागला. पायरीवर पडून होता. बोलला माझ्याशी."

भावाने रिमोटवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही.

"काय बोलला?" बायकोने विचारलं.

"चप्पल मागितली. एका पायातली निघाली होती. म्हणाला, दादा, तेवढी चप्पल द्या."

"मग?"

"माझ्या बुटाजवळच होती. मालक म्हणाले, पोलीस येईपर्यंत कशाला हात लावू नकोस." त्याने बशी खाली ठेवली. "नाही लावला."

"अहो दाजी, चोर होता तो," भाऊ म्हणाला. "सुरा होता त्याच्या हातात. तुमच्याच पोटात गेला असता."

"होता," नवरा म्हणाला. "सुरा होता."

पडद्यावर शेरीफ घोड्यावरून लांब लांब चालला होता. संगीत वाढलं, चित्र काळं झालं आणि पांढरी इंग्रजी नावं खालून वर सरकू लागली. भाऊ बंद करायला उठला.

"राहू दे," नवरा म्हणाला.

खुर्ची सोडून तो टीव्हीपुढे जमिनीवर बसला, अगदी काचेला नाक लागेल इतका जवळ. नावं भराभर वर जात होती. त्याचं बोट एकेका ओळीमागे धावत होतं आणि मागे पडत होतं.

"पेपरात माझं नाव होतं," तो म्हणाला. "त्याचं नव्हतं. नुसतं 'एक इसम'. यात या पडलेल्याचं कुठलं?"

भावाने बहिणीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दाजी, इतक्या छोट्या कामाचं नाव देत नाहीत हो."

नवरा ऐकत नव्हता. बोट काचेवर तसंच फिरत होतं.

औषधांच्या दुकानात खोक्यांवरची बारीक इंग्रजी अक्षरं वाचण्यात बायकोचा दिवस जायचा. तिने कप खाली ठेवला, चष्मा लावला आणि भावाला म्हणाली, "थोडं मागे ने. आणि थांबव."

नावं थांबली.

"सरका जरा," ती नवऱ्याला म्हणाली. त्याच्या शेजारी जमिनीवर बसून तिने सगळ्यात वरचं नाव मोठ्याने वाचलं. मग त्याच्या खालचं.