हेरॉन्सची पनवती

"निघालीस की नाही अजून?" वाँडाने स्वयंपाकघरातून विचारलं. "राष्ट्रगीत सुरू होईल आता."

रोझॅन बाळाच्या पायात दुसरा मोजा चढवत होती. पहिला बाळाने तेवढ्यात काढून टाकला.

"आई, बाहेर वादळ आहे," लेन म्हणाला. "आजच्या दिवस राहू दे की तिला."

"आजच्या दिवस?" सोफ्यावरून त्याचा भाऊ डग ओरडला. "आज जिंकलो तर फायनल! वहिनी, पाया पडतो, निघ."

गेल्या वर्षी गावच्या अमेरिकन फुटबॉल टीमने, टोलेडो हेरॉन्सनी, दोन सामने जिंकले होते, त्यातला एक समोरच्यांच्या चुकीने. यंदा सप्टेंबरमध्ये वाँडा आणि डग नेहमीसारखे लेनच्या घरी सामना बघायला आले, तर पहिल्याच सामन्यात हेरॉन्स मागे पडले होते आणि बाळ किंचाळत होतं. वाँडा वैतागून म्हणाली, "घेऊन जा गं याला बाहेर." रोझॅन गाडी घेऊन गेली आणि हेरॉन्स जिंकले. पुढच्या रविवारी ती घरात थांबली, तर पहिल्याच झटक्यात चेंडू त्यांच्या हातून निसटला. "बघितलंत?" वाँडा म्हणाली. "पनवती आहे ही."

तेव्हापासून दर रविवारी सामना संपेपर्यंत रोझॅन बाळाला घेऊन गाडीत. सरोवराकाठी फेऱ्या मारते, म्हणायची. गल्लीतले लोक तिला बघून टोप्या काढत. डग तिला कॅप्टन म्हणायचा.

लेनला वाईट वाटायचं. बाळ झाल्यापासून तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेलीच नव्हती. परवा तिने दुधाची बाटली फ्रीजऐवजी कपाटात ठेवली आणि नंतर कपाटासमोर उभी राहून रडली. सीझनच्या आधी एकदा, सगळे जेवत असताना, ती त्याला म्हणाली होती, "रविवारी दुपारी बाळाला घेशील का रे? मला नुसतं झोपायचंय." तो हसला होता. "रविवारी? फुटबॉलच्या दिवसांत? सीझन संपू दे, मग बघू." वाँडा शेजारीच बटाटे वाढत होती.

आणि आता हे. सामन्यानंतर रोझॅन परतायची ती विस्कटलेल्या केसांनी, गालावर सीटची रेघ उमटलेली. बाळाच्या शालीला डांबरगोळ्यांचा वास यायचा. शाल आजीच्या ट्रंकेतली, यायचाच.

"जाते मी," रोझॅन जांभई देत म्हणाली. "हरलात तर माझ्या नावाने शंख नको."

सामना अटीतटीचा झाला. वेळ संपली तेव्हा दोन्हीकडचे गुण सारखे होते. "ओव्हरटाइम!" डग किंचाळला.

खिडकीबाहेर समोरचं घरही दिसेना. लेनने रोझॅनला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

तो उठला.

"हलू नकोस!" डग ओरडला. "जो जिथे आहे तिथेच बसा!"

"तुझ्या ट्रकची किल्ली दे."

"डोकं फिरलंय का तुझं?"

वाँडा झारा हातात घेऊन दारात आली. "बस खाली, लेन. ती ठीक आहे."

"तुला काय माहीत? या बर्फात, सरोवराकाठी, लहान पोराला घेऊन... तुझ्या त्या खुळापायी!"

वाँडा काही तरी बोलणार होती. मग तिने टीव्हीकडे बघितलं आणि ओठ मिटले.

लेन धावतच निघाला. आईची जुनी गाडी तिच्या घराशी उभी असे, तीन गल्ल्या पलीकडे. आईची थोरली बहीण इरेना तिथेच राहायची. तिला फुटबॉलचा तिटकारा, ती कधी सामन्याला यायचीच नाही. किल्ली तिच्याकडे मिळाली असती.

आईच्या अंगणात दोन गाड्या होत्या. दुसरी त्याची स्वतःची. टपावर वीतभर बर्फ, चाकांच्या खुणा केव्हाच बुजलेल्या.

त्याने स्वयंपाकघराचं दार ढकललं. आत ऊब होती, आणि डांबरगोळ्यांचा वास. झुलत्या खुर्चीत इरेनामावशी बसली होती, खांद्यावर बाळ गाढ झोपलेलं. पलीकडच्या खोलीचे पडदे ओढलेले. आईच्या पलंगावर, आईच्या गोधडीत हनुवटीपर्यंत गुरफटून, रोझॅन घोरत होती.

लेनने तोंड उघडलं. इरेनामावशीने ओठांवर बोट ठेवलं.

"श्श! वाँडाने पहिल्याच रविवारी बजावलंय, ओव्हरटाइम झाला तरी हिला उठवायचं नाही."